खिंडीपुरती सोबत

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या वाटा कुठून जात होत्या तेही आता कुणाला सांगता यायचं नाही. इस्राएल लोकांच्या डोंगराळ मुलखात तेव्हा दोन गावं होती. एक टेकाडावर, त्याला वरचं गाव म्हणत. दुसरं जरा बाजूला, उतारावर, त्याला खालचं गाव म्हणत. वरच्या गावाच्या वेशीतून एक वाट निघायची, माळावरून जायची आणि एका खिंडीत शिरायची. खिंड अरुंद, वळणावळणाची, दोन्ही अंगांना कपारी. ती ओलांडली की पुन्हा मोकळं रान आणि पलीकडची गावं.

वरच्या गावात मतन्या नावाचा म्हातारा राहायचा. गावच्या वडीलधाऱ्यांपैकी एक. वेशीत दगडी बाकं होती, त्यांवर ही मंडळी बसायची, भांडणं ऐकायची, निवाडे करायची. मतन्याला एक खोड होती. त्याला प्रश्न फार पडायचे. खाली चारा असताना शेळी खडकावर का चढते? अंजिराच्या झाडाला फूल का दिसत नाही? बाकीच्यांनी एखादा निवाडा देऊन टाकावा, उठायची तयारी करावी, आणि यानं विचारावं, "पण तो त्या वेळी तिथं गेलाच का होता?" की मंडळी पुन्हा खाली बसायची.

त्याची बायको तिर्सा म्हणायची, "अहो, देवानं तुम्हाला घडवताना तोंड आधी केलं आणि त्यात एक 'का' ठेवून दिला. बाकीचं मग सवडीनं केलं."

मतन्या विचारायचा, "तोंडच आधी का?"

असा हा माणूस.

एकदा काय झालं, विसाव्याचा दिवस सरला, म्हणजे त्या लोकांचा शब्बाथ. तो आदल्या संध्याकाळी सूर्य मावळला की लागायचा. दुसऱ्या दिवशी उजाडताच एक मेंढपाळ धावत वेशीत आला. म्हणाला, "माळावर एक माणूस मरून पडलाय. डोक्यात घाव आहे. आपल्यातला नाही."

गाव लोटलं. खालच्या गावातूनही माणसं आली. माणूस तरुण होता, पालथा पडला होता, पाठीवरची झोळी कुणीतरी नेली होती. त्याला उताणं करायच्या आधी मतन्या वाकला आणि त्यानं एका बाजूनं तोंड पाहिलं.

तो त्या माणसाला ओळखत होता. म्हणजे नाव-गाव ठाऊक नव्हतं. पण शब्बाथ लागायच्या आधी, संध्याकाळी, हाच माणूस वेशीत आला होता. पाणी प्याला आणि म्हणाला, "बाबा, मला पलीकडं घरी जायचंय. आई वाट बघत असेल. खिंडीपुरतं कुणी सोबत येईल का?"

वेशीत तेव्हा मतन्या एकटाच होता. तो म्हणाला होता, "सूर्य टेकलाय. आता शब्बाथ लागेल. आम्ही गाव सोडून लांब चालत नाही. जा तू, वाट सरळ आहे."

माणूस जरा हसला, बरं म्हणाला आणि गेला.

आता माळावर सगळे एकमेकांना विचारत होते, कोण असेल हा, कुठला असेल, कुणी पाहिला होता का. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणारा मतन्या त्या वेळी गप्प उभा राहिला.

त्या लोकांत एक नियम होता. माळावर कुणी मेलेला सापडला आणि मारणारा कळला नाही, तर प्रेतापासून गावापर्यंत दोरीनं अंतर मोजायचं. जे गाव जवळचं, ते उत्तरदायी. त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी एक कालवड घ्यायची, जिच्या मानेवर कधी जू ठेवलेलं नाही अशी. तिला कधीही न नांगरलेल्या, वाहत्या पाण्याच्या घळीत न्यायचं आणि तिथं तिची मान मोडायची. मग प्रत्येकानं त्या पाण्यात हात धुवायचे आणि म्हणायचं, 'हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही, सांडताना आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही.' तेवढं झालं की गाव मोकळं. नाहीतर मेलेल्याचा जवळचा नातलग सूड मागायला यायचा, आणि त्याला कुणी अडवू शकत नव्हतं.

कालवड कुणाला द्यावीशी वाटेल? नगरातून पंच आले, दोरी आली, आणि वाद सुरू झाला. प्रेताचं डोकं वरच्या गावाकडं होतं आणि पाय खिंडीकडं. खालच्या गावचा म्हातारा म्हणाला, "नाकापासून मोजा. माणसाचा जीव श्वासात असतो."

वरच्या गावचा शल्लूम, मतन्याचा जुना दोस्त, मोठ्या पोटाचा आणि मोठ्या आवाजाचा, तो म्हणाला, "काहीतरीच. बेंबीपासून मोजा. आईच्या पोटात माणूस बेंबीनंच जगतो."

"तू बेंबीच म्हणणार. तुझी बेंबी तुझ्या आधी दारात पोचते."

"आणि तुझं नाक दुसऱ्याच्या घरात."

पंचांनी शेवटी दोन्हीकडून मोजलं. नाकापासून मोजलं तरी वरचं गाव जवळ, बेंबीपासून मोजलं तरी वरचंच. खालच्या गावची माणसं हसू दाबत घरी गेली.

मतन्याचं मात्र या वादाकडं लक्ष नव्हतं. त्याला दुसरंच काही दिसत होतं. माणूस आमच्या वेशीतून निघाला, खिंडीकडं गेला. जाताना पडला असता तर डोकं खिंडीकडं हवं. हे डोकं आमच्याकडं का?

प्रश्न पडला की त्याच्यामागं जायची त्याची सवय. लोक पांगले तसा तो एकटाच माळावरून चालू लागला. माती मऊ होती, चपलांचे ठसे उमटले होते. जाणारे ठसे बेताचे, जवळजवळ. ते थेट खिंडीच्या तोंडाशी गेले होते. तिथं दोन्ही पावलं शेजारी उमटलेली. माणूस थांबला होता. आणि तिथूनच दुसरे ठसे परत फिरले होते. हे लांब लांब, चवड्यांवर रुतलेले. धावणाऱ्याचे, आणि त्यांच्यामागं आणखी कुणाकुणाचे.

मतन्यानं ते ठसे पुन्हा एकदा नीट पाहिले. मग त्याला कळलं. खिंडीत दबा धरून बसलेली माणसं पोराला दिसली असणार. तो वळला असणार. आणि जीव वाचवायला त्याला एकच जागा आठवली असणार. वेशीत बसलेला म्हातारा.

तो माझ्याकडं येत होता, मतन्या मनाशी म्हणाला.

घरी आला तर तिर्सा डाळ निवडत होती. तो उंबऱ्यावर बसला.

"अगं, शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी मी वेशीतून घरी आलो, तेव्हा दिवा लावला होतास का?"

"दिवा कुठला? समोरच्या भिंतीवर ऊन होतं चांगलं. तुम्ही इथंच बसून भाजलेले हरभरे खाल्लेत."

"थोडे?"

"भांडं पुसून ठेवायची वेळ आली, तेवढे. का?"

मतन्या हिशेब करत होता. भांडं रिकामं व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात खिंडीपलीकडं जाऊन माणूस परत येतो. म्हणजे शब्बाथ आडवा आला नव्हता. मग काय आलं होतं? गुडघे जरा दुखत होते. घरातून हरभऱ्यांचा वास येत होता. आणि पोरगा कुठला कोण, ओळख ना देख. एवढंच. एवढ्यावर त्यानं देवाच्या दिवसाचं नाव पुढं केलं होतं.

तिर्सानं डाळीचं सूप खाली ठेवलं. "अहो, तुमचं तोंड असं का झालंय?"

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. ती म्हणाली, "हे वेशीत बोलू नका. त्या पोराचा भाऊ त्याला शोधत आलाय गावात. गेरा नाव त्याचं. कमरेला सुरा आहे. उद्या घळीत सगळे हात धुतील, तुम्हीही धुवा. तुम्ही मारलं तर नाहीत ना."

"नाही मारलं."

"मग?"

"तेच मला कळत नाही," मतन्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कालवडीला घळीत नेलं. खडकाळ जागा, खाली खळाळतं पाणी. नगरातून याजक आला होता, म्हणजे देवाच्या वेदीचं काम बघणारा. वरच्या एका खडकावर गेरा उभा होता. चेहरा दगडासारखा. सगळ्यांनी हात धुतले आणि ते वाक्य म्हटलं, की त्याला रिकाम्या हातानं परत जावं लागणार होतं. तोच नियम होता. एकानं जरी म्हटलं नाही, तर त्याला त्याचा माणूस सापडला.

कालवडीची मान मोडली. ती निमूट होती, डोळे मोठे. मतन्याला वाटलं, हिनं काय केलं होतं? मग एकेक वडीलधारा पाण्यात वाकू लागला. शल्लूमनं हात धुतले, वाक्य म्हटलं आणि बाजूला झाला. मतन्याची पाळी आली. तो पाण्याशी गेला आणि तसाच उभा राहिला.

शल्लूम पाठीमागून पुटपुटला, "विसरलास की काय वाक्य?"

"नाही."

"मग बोल ना. तुझ्या हातांनी रक्त सांडलं का?"

"नाही."

"सांडताना पाहिलंस का?"

"नाही."

"मग झालं तर. वाकायला त्रास होत असेल तर मी धरतो."

मतन्या म्हणाला, "शल्लूम, वाक्य खरं आहे. तुझ्या तोंडात खरं होतं. माझ्या तोंडाशी आल्यावर ते खोटं का होतंय?"

"हळू बोल. वर तो ऐकतोय."

"ऐकू दे."

याजक पुढं आला. शांत माणूस होता. म्हणाला, "मतन्या, काय ठाऊक आहे तुला?"

मतन्यानं सांगितलं. पाणी प्यायला आलेला पोरगा, खिंडीपुरती मागितलेली सोबत, आपण दिलेलं उत्तर, भिंतीवरचं ऊन, हरभरे. ठसे कुठून वळले तेही सांगितलं. काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही.

याजक म्हणाला, "हे पाणी ज्यांना काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी आहे. त्यांनी हात धुतले, ते मोकळे झाले. तुझ्यासाठी माझ्याकडं कालवड नाही."

"मग माझ्यासाठी काय आहे?"

"ज्याचं नुकसान केलंस त्याच्याकडं आधी जा. मग देवाकडं ये. माणसाला टाळून देवाकडं येणाऱ्याला मी वेदीपाशी काय सांगू?"

"तो तर मेला."

"आई आहे त्याची," वरून आवाज आला. गेरा खडकावरून खाली उतरत होता.

मंडळी आपोआप मागं सरली. गेरा मतन्यासमोर येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "मी इथं एका माणसाला मारायला आलो होतो. मारणारा सापडला असता तर माझं काम सोपं होतं. तुझं काय करू?"

"मला ठाऊक नाही," मतन्या म्हणाला.

"आई विचारेल, त्याला कुणीच कसं भेटलं नाही वाटेत. तिला काय सांगू?"

"मी सांगतो तिला. मी येतो."

"खिंडीतून जावं लागेल. माझ्याबरोबर. आणखी कुणी नाही."

शल्लूमनं मतन्याचा दंड धरला. "वेडा आहेस का? खिंडीत गेल्यावर त्याला कोण विचारणार आहे? तू म्हातारा माणूस. गप घरी चल."

मतन्यानं दंड सोडवून घेतला. तिर्सा दूर बायकांत उभी होती. तिच्याकडं त्यानं एकदा पाहिलं. तिनं मान हलवली नाही, नको म्हणाली नाही. तो निघाला.

माळावरून जाताना गेरा मागं होता आणि मतन्या पुढं. खिंडीत शिरल्यावर ऊन संपलं. गार वारा सुटला. मतन्याला मागची पावलं ऐकू येत होती. आपण मागं वळून बघावं की बघू नये, ते त्याला कळेना. त्याला वाटलं, पोराच्या मनाचं असंच झालं असेल. मग वाटलं, नाही, त्याच्या मागं तर कुणी ओळखीचंही नव्हतं.

जिथं कपारी सगळ्यात जवळ येतात, तिथं गेरा म्हणाला, "थांब."

मतन्या थांबला.

"इथं होता का तो?"

"नाही. तोंडाशीच थांबला तो. तिथूनच वळला."

"तू ते ठसे बघायला गेलासच का? न बघता हात धुतले असतेस, तर घरी बसला असतास आता."

"राहवलं नाही मला."

मागं एक दगड घरंगळला. मग गेरा म्हणाला, "चल. पाय बघून टाक, इथं दगड सुटे आहेत."

पलीकडच्या गावात एक लहानसं घर होतं. पोराची आई जमिनीवर बसली होती. गळ्याशी वस्त्र फाडलेलं, केसांत राख. शोकाची तशी रीत होती त्यांच्यात. गेरानं तिला सांगितलं, हा कोण आणि कशाला आला. म्हातारी मतन्याकडं बघत राहिली. मतन्या तिच्यासमोर खाली बसला.

ती रडली नाही. तिनं विचारायला सुरुवात केली. तिला सगळं हवं होतं.

"पाणी प्याला ना तो?"

"प्याला. दोन्ही हातांची ओंजळ करून."

"तशीच सवय त्याला. दमलेला दिसत होता?"

"जरासा. झोळी जड होती."

"माझ्यासाठी लोकर आणत होता. मग काय म्हणाला?"

"म्हणाला, आई वाट बघत असेल. खिंडीपुरतं कुणी येईल का?"

"कसं म्हणाला? घाबरून?"

"नाही. जरा लाजून. हसत."

म्हातारीनं मान खाली घातली. "लहानपणापासून तो अंधाऱ्या जागेला भ्यायचा. पण कुणाला सांगायचा नाही. पोरं हसतील म्हणून. तुला सोबत मागितली त्यानं, म्हणजे तुझं तोंड त्याला भल्या माणसाचं वाटलं असेल."

मतन्याला वाटलं, गेरानं खिंडीत सुरा काढला असता तर बरं झालं असतं.

"आणि तू काय म्हणालास?"

"वाट सरळ आहे म्हणालो."

"आहे का?"

"नाही."

शेजारच्या घरी जात्यावर कुणीतरी दळत होतं, तो आवाज येत होता. शेवटी मतन्या म्हणाला, "आई, मी क्षमा मागायला आलोय." तो वयानं तिच्याहून मोठा असेल, पण त्याच्या तोंडून आईच आलं.

ती म्हणाली, "आज नाही माझ्याकडं. उद्याचं ठाऊक नाही. असलं काही माझ्याजवळ तर तुला खोटं सांगणार नाही मी. आणि नसताना आहे असंही म्हणणार नाही."

"बरं," मतन्या म्हणाला. तो उठला. गुडघे धरून उठावं लागलं त्याला. दाराशी पोचला तेव्हा म्हातारीनं बाहेर पाहिलं. उन्हं कलली होती.

"गेरा," ती म्हणाली, "ऊठ. याला खिंड पार करून दे. वेशीपर्यंत पोचव."

गेरा जागचा हलला नाही. "आई, हा कोण आहे, विसरलीस का?"

"नाही विसरले."

"मग?"

"खिंडीत ती माणसं अजून असतील. हा म्हातारा आहे आणि एकटा आहे. घरी याचीही कुणी वाट बघत असेल. मला ठाऊक आहे वाट बघणं म्हणजे काय. जा."

मतन्या दारात उभा होता. घळीत तो रडला नव्हता. खिंडीत रडला नव्हता. आता मात्र त्याला चौकट धरावी लागली.

दोघं खिंडीतून परत आले. या वेळी गेरा पुढं चालला होता आणि मतन्या मागं. वेशीशी आल्यावर गेरा वळला आणि आपल्या वाटेनं गेला. मतन्या तो दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभा राहिला.

पुढं मतन्या नगरात जाऊन याजकाला भेटला. याजकानं एवढंच विचारलं, "गेलास?" हा म्हणाला, "गेलो. क्षमा मिळाली नाही." याजक म्हणाला, "ती मागून घ्यायची वस्तूच नव्हे. आता ये वेदीपाशी."

त्या माणसाला मारणारे कधी सापडले नाहीत. मतन्या मात्र हंगामा-हंगामाला पलीकडच्या गावात जाऊ लागला. म्हातारीचं सरपण फोडून द्यायचा, तिच्या शेतातली चार कामं करायचा. ती सुरुवातीला त्याच्याशी बोलायची नाही. मग कामापुरतं बोलू लागली. एका वर्षी त्याला यायला उशीर झाला, तर ती दारात येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "गुडघे कसे आहेत?" क्षमा केली असं ती कधी तोंडानं म्हणाली का, ते कुणाला ठाऊक नाही. मतन्यानं तिला ते कधी विचारलंही नाही. प्रश्नांची एवढी खोड असलेला माणूस, पण तेवढा एक प्रश्न त्यानं तिच्यावर सोडून दिला.

आणि वरच्या गावात तेव्हापासून कुणीही वाटसरू वेशीतून एकटा निघेनासा झाला. शब्बाथ जवळ आलेला असला तरी कुणीतरी आधी सूर्याकडं नीट बघायचं, आणि मग पायात चपला घालायचं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, आपल्या हातून वाईट घडलं नाही एवढं म्हणून पाप फिटत नाही. जे चांगलं करायचं आपण टाळलं, ते ज्याला भोवलं त्याच्या दारापर्यंत चालत जाणं, याचंच नाव पश्चात्ताप.